मक्त्याचे खेळ आणि मुस्तफाची कसोटी

२०२५ साली नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनाच्या धामधुमीत पनवेलच्या बालप्रजेची जी स्वतंत्र धामधूम महिनाभर चालू होती, तिची दखल थोरामोठ्यांनी फारशी घेतली नाही. त्या वर्षी १२ सप्टेंबरला ‘डीमन स्लेयर’ या जपानी ॲनिमे मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतात लागला, आणि दहावीच्या अभ्यासासाठीदेखील कधी पहाटे न उठलेली मुले त्याच्या पहाटेच्या खेळांना जाऊन बसली. तो ज्वर उतरतो न उतरतो तोच दिवाळी तोंडावर आली, आणि घरोघरी पालकांच्या दरबारी जो अर्ज दाखल होऊ लागला तो असा, की याच मालिकेवर बेतलेला व्हिडिओ गेम, ज्याचा दुसरा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये निघाला, तो फराळाच्या आधी घरात यावा. अशा खेळांच्या किमती चार-पाच हजारांच्या घरात असतात. ॲनिमे म्हणजे काय, हे येथे सांगत बसण्याचे कारण नाही; ज्यास ठाऊक नसेल त्याने घरातल्या कोणत्याही बारा वर्षांच्या व्यक्तीस विचारावे. मालिका आवडली एवढ्यावरून तिच्यावरचा खेळ खेळण्याच्या योग्यतेचा ठरतो काय, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

माझे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण कलेत नसून व्यवहारात आहे. जपानात अशी मालिका बहुधा एका संस्थेची नसते. चित्रकथेचा प्रकाशक, दूरचित्रवाहिनी, ध्वनिमुद्रिका काढणारे, खेळणी विकणारे अशा अनेक मंडळ्या मिळून एक निर्मिती-समिती स्थापन करतात, भांडवल आणि जोखीम आपसांत वाटून घेतात, आणि मग बाहुल्यांपासून खेळांपर्यंत एकेका बाबीचा मक्ता ठरतो. अशा स्थितीत खेळ घडवणारा कितीही गुणी असला, तरी तो मुदतीने बांधलेला असतो: मालिकेचा हंगाम टळता कामा नये, नायकाच्या अंगरख्यावरची हिरवी-काळी चौकट बदलता कामा नये, कथेत जो मेला तो जिवंत राहता कामा नये. साहजिकच तो सर्वांत सुरक्षित मार्ग धरतो, आणि जी गोष्ट गिऱ्हाइकास मुखोद्गत आहे तीच त्याला, मधूनमधून चार बटणे दाबावयास लावून, पुन्हा सांगतो. ‘डीमन स्लेयर’चा २०२१ चा पहिला खेळ फुकुओकाच्या सायबरकनेक्ट-टू या संस्थेने केला. २००८ पासून ‘नारुतो’चे ‘अल्टिमेट निंजा स्टॉर्म’ खेळ रचणाऱ्या या मंडळींच्या हातात कौशल्याची वाण मुळीच नाही, आणि खेळ दिसतोही देखणा. परंतु आरंभी दिलेल्या अठरा पात्रांत काही तर त्याच पात्रांच्या शाळकरी गणवेशातल्या आवृत्त्या होत्या. दुसऱ्या भागात पात्रे चाळीसच्या वर गेली आहेत. कथनाचा शिरस्ता मात्र तोच.

यावर कोणी म्हणेल, की ‘ड्रॅगन बॉल: स्पार्किंग! झीरो’ ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाला तेव्हा पहिल्या चोवीस तासांत त्याच्या ३० लाख प्रती खपल्या, त्या काय उगाच? खपल्या खऱ्या, पण त्यावरून नायक गोकूवरचे प्रेम सिद्ध होते, खेळाची योग्यता नव्हे. त्यातील १८२ पात्रांत एकट्या गोकूचीच किती रूपे धरली आहेत, हे मोजणाराने मोजावे. उलट गोकू, लुफी आणि नारुतो या निरनिराळ्या मालिकांच्या नायकांना एकत्र आणणाऱ्या २०१९ च्या ‘जंप फोर्स’ची गत पाहावी. हाताने रेखलेल्या या पात्रांस खऱ्या माणसांसारखी कातडी चढवून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे करण्याची बुद्धी कोणास सुचली, देव जाणे. तीन वर्षांतच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, तो ऑनलाइन दुकानांतून काढून घेण्यात आला.

मग कसोटी कोणती लावावी? माझी कसोटी पनवेलच्या बाजारपेठेतली आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी, तशी येथेही, व्हिडिओ गेमची पार्लरे होती. काळोखी खोली, घामाचा वास, मुठीत ओली झालेली कॉइन, आणि एका यंत्राभोवती खेळणाऱ्यांहून अधिक बघ्यांची दाटी. त्या यंत्रावरील खेळास सारे जण ‘मुस्तफा’ म्हणत. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉमने तो १९९३ साली काढला, आणि तो बेतलेला होता मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवर, जिची त्याच वर्षी अमेरिकेत चित्रमालिकाही झाली. यांपैकी कशाचाही गंध पार्लरातल्या मुलांस नव्हता. नायक जॅक असताना त्यांनी मुस्तफालाच नायक ठरवले, कारण तो चपळ होता आणि धावत येऊन त्याने मारलेली लाथ वर्मी बसे. मूळ कथेची ओळख नसलेल्या माणसाने शेवटचे कॉइन ज्यात घातले तो खेळ खरा, आणि ज्यास आधी पंचवीस भाग पाहून यावे लागते ती निव्वळ जाहिरात, असे मी समजतो. नाटकाचेही असेच आहे: श्री. ना. पेंडसे यांनी आपल्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीचे स्वतःच नाटक केले. कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकासही थिएटरात धरून ठेवणे त्या नाटकाला भागच होते.

या कसोटीस उतरणारे खेळ थोडे आहेत, परंतु आहेत. त्यांतील एकाविषयी विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण त्यामागचे डोके विलक्षण आहे. योकोहामाच्या आर्क सिस्टम वर्क्समधील जुनया मोतोमुरा यांनी २०१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे खेळ घडवणाऱ्यांच्या परिषदेत आपल्या ‘गिल्टी गिअर’ या खेळाच्या चित्रशैलीवर एक व्याख्यान दिले. संगणक दोन मुद्रांमधल्या सर्व अवस्था आपण होऊन भरून काढतो, त्यामुळे त्याची हालचाल अखंड वाहते. उलट जपानी चित्रमालिकांत, खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी, एकच चित्र दोन-तीन चौकटी तसेच ठेवण्याची रीत १९६३ च्या, चित्रकार तेझुकांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ या मालिकेपासून रूढ झाली, आणि काटकसरीतून जन्मलेला तो थबकत-झेपावत जाणारा ठेकाच प्रेक्षकांस प्रिय झाला. मोतोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाची ती सोय बंदच केली आणि मुद्रा हाताने बसवल्या. सावलीसही त्यांनी गणिताप्रमाणे पडण्याची मुभा दिली नाही. प्रत्येक पात्रास स्वतंत्र दिवा देऊन तो मुद्रेगणिक सरकवला, जेणेकरून हनुवटीखालचा काळोख चित्रकार जेथे काढील तेथेच पडावा. हीच विद्या २०१८ च्या ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’त ओतली गेली. तो खेळ थांबवून पाहिला, तर हे चित्र मालिकेतले की खेळातले, हे सांगणे जड जाते. आणि केवळ चित्र नव्हे. तिघांविरुद्ध तिघे अशी त्याची लढत इतकी कसदार ठरली, की त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या ‘ईव्हो’ स्पर्धेत सर्वाधिक स्पर्धकांनी याच खेळासाठी नाव नोंदवले. मुस्तफाची कसोटी ती हीच.

‘अटॅक ऑन टायटन’चा २०१६ चा खेळही मी याच पंक्तीस बसवीन, कारण तारेच्या आधाराने घरांच्या छपरांवरून झेपावत जाऊन राक्षसाची मानगूट गाठणे, हे मालिकेचे मर्म त्याने प्रत्यक्ष बोटांत उतरवले. लहानांसाठी २०१९ चा डोरेमॉनचा ‘स्टोरी ऑफ सीझन्स’ आहे. त्यात नोबिता शेती करतो, मुळे-भाज्या लावतो, गाई पाळतो. संथ आहे, पण निर्मळ आहे.

खेदाची गोष्ट ही, की आपल्या मुलांचा संबंध या खेळांशी क्वचितच येतो. त्यांस नारुतो भेटतो तो मोबाइलवर. जानेवारी २०२५ मध्ये ‘फ्री फायर’मध्ये नारुतोची मंडळी अवतरली ती मुख्यतः पोशाखांच्या रूपाने, आणि ते मिळवण्याचा राजमार्ग डायमंड या खेळातल्या चलनाच्या खरेदीवरून जातो. ‘ड्रॅगन बॉल’च्या ‘डोक्कान बॅटल’सारख्या खेळांत तर हवे ते पात्र सोडतीने निघते: पैसे भरा आणि नशीब आजमावा. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, हे उत्तमच झाले. परंतु जेथे जिंकण्यास पैसा नसून चित्र असते, तेथे मुलाच्या मनावर होणारा परिणाम फार निराळा असतो, असे मला वाटत नाही.

तेव्हा पालकांनी अर्ज फेटाळण्यापूर्वी वा मंजूर करण्यापूर्वी एवढे करावे. नवीन पनवेल, कामोठे या बाजूस तासाच्या दराने प्लेस्टेशन खेळू देणारी दुकाने आहेत. तेथे मुलास घेऊन जावे, आणि मालिका न पाहिलेल्या त्याच्या एखाद्या मित्रासही सोबत न्यावे. तासाभराने तो मित्र आणखी एका तासाचे पैसे मागू लागला, तर खेळ घ्यावा. ‘फायटरझी’ जुना झाल्यामुळे वरचेवर सवलतीत मिळतो, तो निःशंक घ्यावा. ‘डीमन स्लेयर’चा दुसरा भाग मात्र पूर्ण किमतीस घेऊ नये.