स्वतःच्या गीताचा वादक : रेमो फर्नांडिस

पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदांत आयुष्य वेचणाऱ्या गोमंतकीय वादकाचे नाव श्रोत्यांस क्वचितच ठाऊक असे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई. त्या विद्येच्या बळावर अनेक तरुण मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांसारख्यांनी हिंदी चित्रगीतांच्या वाद्ययोजनेस आकार दिला. तथापि गीताचे कर्तेपण संगीत-दिग्दर्शकाच्या नावे राहिले.

रेमो फर्नांडिस यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. १९५३ साली पणजी येथे जन्मलेल्या फर्नांडिसांनी शालेय वयातच मित्रांसह वाद्यवृंद उभारला. पुढे मुंबईस वास्तुकलेचे शिक्षण घेत असता त्यांनी रॉक वृंदांतून गिटारवादन केले. अशा वृंदांकडून त्या काळी मुख्यतः विलायती गीतांच्या अनुकरणाची अपेक्षा असे.

या अपेक्षेबाहेर पडण्याचा मार्ग १९८४ च्या ‘गोअन क्रेझी’ या ध्वनिफितीत दिसतो. तिचे ध्वनिमुद्रण शिवोली येथील राहत्या घरी, चार पट्ट्यांच्या यंत्रावर झाले. अशा यंत्रात एकाच फितीच्या रुंदीत चार स्वतंत्र पट्टे असतात. एका पट्ट्यावर गिटार मुद्रित करावयाची, ती ऐकत दुसऱ्यावर पुढचे वाद्य वाजवावयाचे, असा क्रम चालतो. तीन पट्टे भरले म्हणजे ते एकत्र करून चौथ्यावर उतरविता येतात व तिन्ही पुन्हा मोकळे होतात; मात्र प्रत्येक उतरणीबरोबर खरखर वाढते, आणि एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून संपूर्ण रचना आधीच मनात सिद्ध असावी लागते. कवी, गायक, वादक व ध्वनिमुद्रक या भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटल्या, त्या अशा रीतीने.

भाषेच्या दृष्टीनेही हा प्रयोग लक्षणीय होय. या गीतांची भाषा इंग्रजी, परंतु त्यांतील विषय गोमंतकीय. पाठोपाठच्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये त्यांनी गोव्याच्या पारंपरिक गीतांस नवी वाद्ययोजना दिली. अर्थात गीताची भाषा परकी असली म्हणून गीत परके ठरत नाही. ते कोणाविषयी आणि कोणाशी बोलते, यावर त्याचे नाते ठरते.

‘जलवा’ (१९८७) व ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांतील गायनाने फर्नांडिस देशभर परिचित झाले; २००७ साली त्यांस पद्मश्री लाभली. चित्रसृष्टीत ते शिरले, ते मात्र पूर्वसूरींप्रमाणे अनामिक वादक म्हणून नव्हे, तर स्वतःच्या रचनांचे कर्ते म्हणून.