न कमावलेल्या अपंगाचा हक्क

औद्योगिक समाजात सामाजिक सुरक्षेची कल्पना वेतनाच्या आधाराने रुजली. कामगाराने कमावत्या काळात वर्गणी भरावी, मालकाने तीत भर घालावी आणि अपघाताने वा आजाराने अपंगत्व आले की त्या निधीतून कामगाराला आधार मिळावा, असे हे विम्याचे तत्त्व आहे. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. परंतु जो जन्मतः अंध आहे वा बौद्धिकदृष्ट्या अपंग आहे, ज्याला अर्थार्जनाची संधीच लाभली नाही, त्याने वर्गणी भरावी तरी कशातून?

आपल्याकडील कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. नोकरीत असताना कायमचे व संपूर्ण अपंगत्व आलेल्या सदस्याने एकाच महिन्याची वर्गणी भरलेली असली, तरी तो निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. तरतूद उदार आहे. मात्र ज्याने एकही महिना नोकरी केली नाही, त्याला तिचा काहीच उपयोग नाही. दुसरा मार्ग आईवडिलांच्या नोकरीचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अपंग अपत्यास कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. शेतमजुराच्या वा हातगाडीवाल्याच्या मुलाला तोही मार्ग बंद आहे.

उरतो तिसरा मार्ग, दारिद्र्य सिद्ध करण्याचा. २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतन योजनेसाठी कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे लागते आणि अपंगत्व किमान ८० टक्के असावे लागते. ऐंशी वर्षांखालील व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपये असा राहिला आहे. महाराष्ट्राने १९८० मध्येच संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. २०२५ मध्ये राज्याने तिच्यातील अपंगांचे अनुदान दरमहा २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला, हे स्वागतार्हच आहे. तथापि उत्पन्नाची मर्यादा अपंगांसाठी वर्षाला ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला चार हजारांहून थोडी अधिक, इतकीच आहे. घरात एखादा जेमतेम पगार येत असला, तरी ती ओलांडली जाते.

खरी मेख येथेच आहे. अपंग व्यक्तीचे स्वतःचे उत्पन्न शून्य असते. मोजले जाते ते घराचे. घरच्यांनी तिला सांभाळले, हीच तिची अपात्रता ठरते. औषध, प्रवास, मदतनीस यांचा जादा खर्च हिशेबात येत नाही. आणि त्या व्यक्तीची काळजी घेण्यासाठी आईने सोडलेली मजुरी तर कोणत्याच दाखल्यावर नोंदली जात नाही.

अन्य देशांपुढेही हा प्रश्न आला. अमेरिकेत अपंगत्वाचा विमा वर्गणीवरच आधारलेला आहे. म्हणून तेथे १९७२ मध्ये वेगळा कायदा झाला आणि जानेवारी १९७४ पासून, नोकरीची अट नसलेले साहाय्य गरजू वृद्ध, अंध व अपंगांना मिळू लागले. अपंग मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांचे उत्पन्न मोजले जाते. त्यानंतर ते मोजले जात नाही. या योजनेतही दोष आहेच. अविवाहित व्यक्तीची मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरांवर गेली की साहाय्य थांबते, आणि ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. परिणामी अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला ठेवणेही तेथील अपंगाला महागात पडते. आपण पहिली गोष्ट घ्यावी, दुसरी टाळावी.

यावर तिजोरीचा आक्षेप अपेक्षित आहे. राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सरकारी साहाय्याचा हक्क सांगितला आहे, तो आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही तीच मर्यादा आहे. परंतु त्याच कायद्याने अपंगांचे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे, असेही म्हटले आहे. सर्वांना एकदम सामावून घेणे शक्य नसेल, तर तीव्र अपंगत्व असलेल्या प्रौढांपासून आरंभ करता येईल. त्यांच्यापुरते तरी उत्पन्न घराचे नव्हे, व्यक्तीचे मोजावे. रक्कम किती असावी, याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु मतदानासाठी ज्याला राज्य स्वतंत्र नागरिक मानते, त्याला साहाय्य देताना मात्र घरातील एक खाते तोंड मानावे, हे न्यायाला धरून नाही.