सरासरीचा रोजमेळ

भावांच्या रोजच्या चढउताराखाली बाजाराचा कल कोणत्या दिशेस आहे, हे ओळखावयास सरकत्या सरासरीइतके साधे आणि सरळ साधन मला दुसरे आढळलेले नाही. आणि ज्याला तिचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल, त्याने संगणकाच्या पडद्यावर आयत्या उमटणाऱ्या रेघेवर विसंबण्यापूर्वी काही काळ तरी ती कागदावर स्वहस्ते मांडावी, असे मी आवर्जून सांगतो. बाजार उठल्यावर बंद भाव वहीत उतरवण्याचा माझा परिपाठ आजही चालू आहे, तो याच कारणाने.

पाच दिवसांचे बंद भाव अनुक्रमे १००, १०२, १०१, १०५ आणि १०७ रुपये आहेत असे धरू. बेरीज ५१५, सरासरी १०३. सहाव्या दिवशी ११० चा भाव दाखल होताच सर्वांत जुना १०० खारीज करावयाचा; बेरीज ५२५ होते आणि सरासरी १०५ वर येते. सातव्या दिवशी भाव सहा रुपयांनी उतरून १०४ झाला, दलालांच्या पेढीवर मंदीची कुजबुज सुरू झाली, तरी हिशेबातून जाणारा भाव १०२ चाच असल्यामुळे बेरीज ५२७ भरते व सरासरी १०५.४० होऊन चढतीच राहते. सरासरीची दिशा आजचा भाव कालच्याहून अधिक की उणा यावर ठरत नसून, मुदत भरून बाहेर पडणाऱ्या भावाहून तो अधिक की उणा यावर ठरते, हे मर्म अशा वेळी बोटांना कळते. मात्र त्याच दिवशी भाव सरासरीखाली आलेला आहे, हीही नोंद वहीत असतेच. भाव आधी वळतो, रेघ मागाहून.

म्हणूनच अनेक व्यापारी एका सरासरीवर न थांबता पन्नास आणि दोनशे दिवसांच्या दोन रेघा मांडतात, व लहान मुदतीची रेघ मोठीला छेदून वर गेली म्हणजे तेजीचा, खाली आली म्हणजे मंदीचा कल मानतात. मुदत लांबवावी तितका किरकोळ हालचालींचा गलबला कमी होतो. परंतु तितकाच विलंब वाढतो.

या विलंबाची किंमत आणि त्याचे फळ, दोन्ही निफ्टीच्या अलीकडील इतिहासात स्पष्ट दिसतात. २०१९ च्या सप्टेंबरात निर्देशांक दोनशे दिवसांच्या सरासरीखाली असताना, २० तारखेस कंपनी करातील कपात जाहीर झाली आणि एका दिवसात तो पाच टक्क्यांहून अधिक उसळला. निर्देशांक या रेघेखाली असताना बाजाराबाहेर राहावयाचे, हा नियम पाळणाऱ्यांस ती उसळी मिळाली नाही. पुढे २०२० च्या जानेवारीत १२,४३० चा उच्चांक गाठून फेब्रुवारीच्या अखेरीस तो पुन्हा त्या रेघेखाली आला, २३ मार्चला सुमारे तेरा टक्क्यांनी कोसळला, दुसऱ्या दिवशी ७,५११ पर्यंत उतरला, आणि रेघेच्या वर परतला तो जुलैत, म्हणजे नीचांकापासून तीन हजारांहून अधिक अंश चढून गेल्यावर. रेघेचा हुकूम पाळणाऱ्यास शिखरावर विकता आले नाही, तळाशी घेताही आले नाही; पण त्या दोहोंमधील भीषण घसरणीत त्याचे भांडवल अडकले नव्हते.

सरासरी भविष्य सांगत नाही. घडून गेलेल्याचा चोख जमाखर्च मांडते. कल नसलेल्या, एकाच पट्ट्यात घुटमळणाऱ्या बाजारात ती वारंवार खोटे इशारे देते आणि दर सौद्यागणिक दलाली व लहानसा तोटा पदरात घालते. हा खर्च ज्याने आरंभीच मान्य करून आपल्या हिशेबात धरला आहे, त्यानेच या मार्गास लागावे. तोट्याच्या दिवशी पन्नासाचे चाळीस आणि चाळीसाचे तीस करीत मुदती बदलत बसणाऱ्याजवळ सरासरी उरते, नियम उरत नाही, आणि मोठ्या घसरणीतून माणसाला वाचवतो तो नियमच.