पान जुने, निर्णय नवा

शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की काम संपले, असा आपल्या घरांत समज असतो. तो बरोबर नाही. १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरतात. तळेगाव ढमढेरेची मुलगी गावात शिको वा पुण्यात, अर्जात त्रुटी निघाली तर तो तिच्या खात्यावर परत येतो आणि मुदतीत दुरुस्त करावा लागतो.

अडचण अशी, की ब्राउझर एकदा पाहिलेल्या पानाची प्रत स्वतःजवळ ठेवतो. त्याने पान लवकर उघडते, डेटा वाचतो. पण कधी कधी कालचीच स्थिती आज दिसते. अर्ज परत आलेला असतो आणि आपण निर्धास्त!

म्हणून आमचे सांगणे असे : विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही बटणे एकत्र दाबा. मोबाइलवर पान बोटाने खाली ओढा. तरीही जुनेच दिसले, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमधून कॅश, म्हणजे साठवलेल्या प्रती, पुसा. पासवर्ड मात्र पुसू नका. नंतर पुन्हा लॉग-इन करा.

फॉर्म अर्धा भरलेला असताना किंवा पैसे भरताना पान ताजे करू नका. भरलेली माहिती जाऊ शकते.

घरातल्या एकाने तरी हे शिकावे, शेजारच्या मुलांनाही दाखवावे. हक्काची शिष्यवृत्ती जुन्या पानापायी बुडू देऊ नये.