धूर कुठे गेला, विचारा!

2022च्या ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरने मिळून बनवलेली हायड्रोजन बस दाखवली गेली. धूर नाही, मागून निघतं ते फक्त पाणी. तुमच्यापैकी कुणी तरी तेव्हा स्टेटसही टाकलं असेल. बातमी खरीच होती. पण बसमध्ये भरायचा हायड्रोजन आधी कारखान्यात बनवावा लागतो आणि जगात तो बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू किंवा कोळशापासूनच बनतो. धूर निघतो तिथे.

अकरावीची केमिस्ट्री आठवा. 16 किलो मिथेन आणि 36 किलो वाफ यांच्यापासून 8 किलो हायड्रोजन मिळतो आणि सोबत 44 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे किलोमागे साडेपाच किलो. हे झालं वहीतलं गणित. भट्टी तापवायला जाळलेला गॅस धरला, की आकडा 9-10 किलोवर जातो.

आता कंपनीकडून हा आकडा वदवून कसा घ्यायचा? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, 2009मध्ये त्यासाठी नियम केले. त्यात हायड्रोजन प्लांटसाठी ‘सबपार्ट पी’ हे वेगळं प्रकरणच आहे. वर्षाला 25,000 टन किंवा त्याहून जास्त उत्सर्जन असेल, तर दरवर्षी अहवाल द्यायचा. आकडा दांडगा वाटतो ना? पण आपल्या हिशेबाने दिवसाला सात-आठ टन हायड्रोजन बनवणारा प्लांटही त्यात सापडतो.

मोजायचे मार्ग दोन. एक तर चिमणीवर सतत मोजणारं यंत्र बसवा. नाही तर आत गेलेल्या गॅसमध्ये कार्बन किती होता ते काढा, त्याला 44ने गुणा आणि 12ने भागा. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. आत गेलेला कार्बन कुठून तरी बाहेर येणारच, तो गायब होत नाही! रिफायनरी गॅससारखं सतत बदलणारं मिश्रण असेल, तर नमुना आठवड्यातून एकदा तरी तपासायचा. आणि कुठल्या प्लांटने किती सोडला, हे ईपीएच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. तुम्हालाही.

पण या हिशेबाला कुंपण आहे. प्लांटच्या गेटच्या आत जे सुटतं तेवढंच मोजायचं. बाहेरून घेतलेली वीज कोळशाची असली, तरी प्लांटच्या खात्यात ती दिसत नाही. गॅस पाइपलाइनमधून येताना गळलेला मिथेनही नाही. आणि आता तर सप्टेंबर 2025मध्ये ईपीएनेच बहुतेक उद्योगांसाठी ही अहवालाची सक्तीच काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. उद्योगांचा खर्च वाचेल म्हणे.

आपल्याकडे प्रश्न नेमका त्या विजेचाच आहे. ऑगस्ट 2023मध्ये केंद्राने ‘ग्रीन हायड्रोजन’ची व्याख्या ठरवली : एक किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त दोन किलो उत्सर्जन, तेही 12 महिन्यांच्या सरासरीने. पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढला, तर किलोला 50हून जास्त युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. करा गुणाकार. 35 किलो! गॅसवाल्या प्लांटच्या तिपटीहून जास्त.

म्हणून वीज सौर, पवन अशा अक्षय स्रोतांचीच हवी. पण ग्रिडमध्ये ‘बँक’ केलेली वीजही या व्याख्येत अक्षयच धरली जाते. म्हणजे दुपारी सोलरची वीज ग्रिडला द्यायची आणि नंतर तेवढीच परत घ्यायची. कागदावर ती हिरवीच. रात्री तारेतून प्रत्यक्षात येणारी वीज मात्र बहुतांश कोळशाची असते. सोलर प्रकल्पांना या सवलतीची गरज आहे, हे मान्य. तरी ‘ग्रीन’ शिक्का बघून मी लगेच टाळ्या वाजवणार नाही.

उद्या अशी एखादी कंपनी कॅम्पसला आली आणि इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणाली, तर गप्प बसू नका. तुमचा इलेक्ट्रोलायझर रात्री दोन वाजता कुठल्या विजेवर चालतो, एवढं विचारून बघा.