हवाई वाहतूक प्रवाह व्यवस्थापन

हवाई वाहतूक प्रवाह व्यवस्थापन ही विमानतळाच्या किंवा हवाई क्षेत्राच्या क्षमतेपेक्षा अधिक विमाने एकाच वेळी तेथे येऊ नयेत, यासाठी उड्डाणांच्या वेळा आधीच ठरवून देण्याची पद्धत आहे.

कार्यपद्धती

धुके, वादळ किंवा बंद धावपट्टी यांमुळे विमानतळाची क्षमता घटते. समजा, तासाला ३० ऐवजी २० विमानेच उतरू शकत असतील, तर उरलेल्या १० विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. इंधन वाया जाते आणि नियंत्रकांवरील ताण वाढतो. हे टाळण्यासाठी उतरण्याच्या उपलब्ध वेळेतून प्रवासाचा अंदाजित काळ वजा करून उड्डाणाची वेळ काढतात व तोपर्यंत विमान जमिनीवरच थांबवतात. म्हणूनच हवामान स्वच्छ असलेल्या शहरातूनही विमान उशिरा सुटू शकते. आधीच हवेत असलेल्या विमानांना हा उपाय लागू होत नाही. त्यामुळे विलंबाचा मोठा भार जवळच्या शहरांतून निघणाऱ्या विमानांवर पडतो.

अंमलबजावणी

युरोपात हे काम युरोकंट्रोल ही संस्था ब्रुसेल्स येथून करते. तेथे नेमून दिलेल्या वेळेच्या ५ मिनिटे आधीपासून १० मिनिटे नंतरपर्यंत उड्डाण करता येते. भारतात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे मध्यवर्ती केंद्र दिल्लीत आहे. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. त्यामुळे तेथे या नियोजनाला विशेष महत्त्व आहे.