केळणाकाठचे कारागीर

जालन्याहून उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे निघालं की वाटेत भोकरदन लागतं. केळणा नदीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. नदी फार मोठी नाही. पुढे ती पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. पण या काठावर वस्ती रुजली ती दोन हजार वर्षांपूर्वी, आणि तेव्हा या गावाला भोगवर्धन म्हणत. सांचीच्या स्तूपासाठी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत, बहुतेकांच्या नावापुढे गावाचंही नाव आहे. त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. 400 किलोमीटरहून लांबच्या पुण्यकार्याला हातभार लावण्याइतकी ऐपत या नदीकाठच्या माणसांकडे होती, आणि तिथे आपल्या गावाचं नाव राहावं अशी इच्छाही.

ही ऐपत कुठून आली, याचं उत्तर जमिनीतून मिळालं. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या दोघांनी त्याचा अहवाल लिहिला आणि तो पुढच्याच वर्षी छापून आला. सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं गाव त्या खणलेल्या चरांमधून वर आलं: नाणी, भांडी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या वस्तू, हस्तिदंती काम आणि मणी.

मण्यांपाशी जरा थांबायला हवं. दख्खनच्या काळ्या पाषाणात अकीक आणि गारगोट्या तयार होतात. पाषाण झिजला की त्या सुट्या होऊन ओढ्या-नद्यांच्या वाळूत येतात. मणी घडवणारा कारागीर असा खडा निवडतो, भाजून त्याचा रंग खुलवतो, टवके काढून त्याला आकार देतो, दगडावर घासतो आणि शेवटी धनुकलीच्या सामत्याने आरपार भोक पाडतो. या शेवटच्या टप्प्यावर खडा तडकला तर आधीची सगळी मेहनत वाया. शंखाचं काम निराळं. शंख समुद्राचा, म्हणजे तो डोंगर-घाट ओलांडून इथवर आणावा लागे. त्याच्या आडव्या चकत्या कापायच्या, आतला भाग काढून टाकायचा आणि बांगडी गुळगुळीत करायची. मूर्तींसाठी पांढरी चिकणमाती वापरत. पुढची बाजू एका साच्यात आणि मागची दुसऱ्यात काढून दोन्ही अर्धुकं जोडत, त्यामुळे मूर्ती आतून पोकळ आणि हलकी होई. तेर या गावीही अशा मूर्ती सापडल्या आहेत. सातवाहनांच्या राज्यात पैठण, तेर आणि भोगवर्धन एकमेकांच्या ओळखीचे होते, हे अशा साच्यांवरून कळतं.

जगभर मात्र भोकरदनचं नाव झालं ते एका हस्तिदंती बाईमुळे, आणि ती बाई सापडली इटलीत. 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना पॉम्पेईच्या एका घरात सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची भारतीय मूर्ती मिळाली. अंगभर दागिने, दोन बाजूंना प्रसाधनाचं साहित्य घेतलेल्या दोन दासी. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी तिला मथुरेची मानत. भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी नातं सांगणारं हस्तिदंती काम निघालं तेव्हा म. के. ढवळीकर यांनी तिचं माहेर भोकरदन असावं असं मांडलं. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत.

मला या वादात भोकरदनची बाजू जिंकावी असं वाटतं, हे लपवत नाही. पण गावाचा मान त्या निकालावर टांगून ठेवणं मला पटत नाही. ती मूर्ती उद्या दुसरीकडची ठरली, तरी मण्याला भोक पाडणारा हात इथलाच राहतो, शंख कापणारा आणि साचे जोडणाराही. भोगवर्धन मोठं झालं ते त्यांच्या कामावर.

नदीकाठी खडकात खोदलेलं लेणंही आहे, ते नंतरच्या काळातलं. आणि याच केळणेला जुई नदी येऊन मिळते त्या परिसरात असई हे लहानसं गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. केळणेला उतार नाही असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, तेव्हा लोक कुठून तरी ये-जा करत असणार हे त्याने ओळखलं आणि पिंपळगावाजवळ नदी ओलांडली. त्याचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकूनही तो असईलाच आपली सर्वांत मोठी कामगिरी मानत असे. इंग्रजी इतिहासात असई अजरामर झाली. तो उतार ज्यांच्या पायांनी घडवला त्यांची मात्र कुठे नोंद नाही.

कारागिरांची नोंद निदान मातीत तरी आहे. मराठवाड्यात काळी माती शेताची आणि पांढरी वस्तीची. माळवदावर पसरायला लोकांनी पिढ्यानपिढ्या जुन्या पांढरीतली माती नेली, आणि तिच्याबरोबर किती मणी, किती खापरं गेली असतील! त्यात गावकऱ्यांचा दोष नाही. त्या मातीत काय आहे हे त्यांना कुणी त्यांच्या भाषेत सांगितलंच नाही. 1974 चा अहवाल इंग्रजीत आहे. तो मराठीत यावा, भोकरदनच्या शाळांत वाचला जावा, आणि इथे निघालेल्या वस्तूंपैकी काही तरी गावातच, कुलूपबंद काचेआड का होईना, पाहायला मिळाव्यात. पाया खणताना निघालेलं खापर कोणत्या कार्यालयात दाखवायचं, एवढा एक फलक ग्रामपंचायतींनी लावला तरी पुढचं उत्खनन होईपर्यंत बरंच काही वाचेल.